परसातल्या खोलीपर्यंत जमिनीखालून वीज, पाणी आणि इंटरनेट नेताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

गोव्यात घरामागच्या परसात कामाची किंवा पाहुण्यांची खोली बांधणारे बरेचजण भिंती, छप्पर आणि फरशी यांचा विचार आधी करतात आणि वीज, पाणी व इंटरनेट शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. तोवर मे महिना संपत आलेला असतो. वायरमन एक दिवस येतो, प्लंबर दुसऱ्या दिवशी, केबलवाला तिसऱ्या दिवशी, आणि तिघेही वीतभर खोल चरात आपापली वस्तू टाकून वर माती लोटून मोकळे होतात. जूनमध्ये आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) सारखा ट्रिप होऊ लागतो, वॉशबेसिनला धार येत नाही, आणि पहिल्या गडगडाटात राउटर जातो. यातला जवळजवळ प्रत्येक दोष चर उघडा असताना सापडू शकला असता, म्हणून या लेखात चर बुजवण्याआधीच्या कामावरच सर्वाधिक भर आहे.

पुढील सर्व उदाहरणांत घरापासून खोलीचे अंतर ३० मीटर, वीज २३० व्होल्ट सिंगल फेज, आणि खोलीत दिवे, पंखा, एसी, लहान फ्रीज व न्हाणीघर असे धरले आहे. वीजजोडणी आणि वीजतपासणी परवानाधारक वीज ठेकेदाराकडूनच करून घ्यावी. चर, वाळू, नळी आणि नोंदी ठेवणे ही कामे मात्र घरमालकाला स्वतःच्या देखरेखीखाली करून घेता येतात.

टप्पा १: कुदळ हातात घेण्यापूर्वी

खोलीलाच पंचायतीची किंवा नगरपालिकेची परवानगी नसेल, तर तिच्यापर्यंत लाइन नेण्याचा खर्च करू नये. खोली पर्यटकांना भाड्याने द्यायची असल्यास घरगुती जोडणीवर ती चालवता येते का, हे वीज खात्याशी आधीच बोलून घ्यावे. एसी आणि गीझर यांची भर पडल्यावर घराचा मंजूर वीजभार पुरतो का, हेही त्याच वेळी विचारावे.

नंतर परसाचा नकाशा काढावा. त्यात सेप्टिक टँक, सोक पिट (शोषखड्डा), विहीर, नळजोडणीची जुनी पाइप, पूर्वी कोणी टाकलेली पंपाची केबल, घराचा अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) आणि मोठी झाडे दाखवावीत. माडाची मुळे बारीक आणि तंतुमय असतात, त्यामुळे बुंध्यापासून दीड-दोन मीटर अंतर ठेवले तरी सहसा भागते. आंबा, फणस किंवा वड यांची मुळे मात्र कालांतराने जाड होऊन नळी उचलतात, म्हणून त्यांच्यापासून शक्य तेवढे लांबून जावे. सोक पिट आणि पाण्याची नळी यांत किमान ३ मीटर अंतर ठेवावे. मलवाहिनी ओलांडावीच लागली, तर पाण्याची नळी तिच्या वरून न्यावी आणि त्या ठिकाणी नळीला सांधा देऊ नये.

मार्ग सरळ असावा. तिरका मार्ग काढून चार मीटर केबल वाचते, पण पाच वर्षांनी खत घालायला खड्डा खोदणाऱ्या माणसाला तो तिरका मार्ग आठवणार नसतो. कुंपणाच्या भिंतीला किंवा पायवाटेला समांतर गेलेली लाइन अंदाजाने तरी सापडते.

टप्पा २: साहित्य निवडताना

*वीज.* केबल तांब्याची, तीन कोअरची (आत तीन वेगळ्या तारा असलेली) आणि आर्मर्ड, म्हणजे पोलादी तारांचे कवच असलेली घ्यावी. जाडी ठरवताना केबल किती अँपिअर सोसते एवढेच पाहिले जाते आणि अंतर विसरले जाते. वरच्या खोलीचा भार ४ किलोवॅट धरला, तर प्रवाह सुमारे १७.५ अँपिअर होतो. ३० मीटर अंतरावर २.५ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये साडेसात व्होल्टच्या थोडे वर, ४ चौरस मिलिमीटरमध्ये पाच व्होल्टच्या आत आणि ६ चौरस मिलिमीटरमध्ये सव्वातीन व्होल्टच्या आसपास घट येते. कागदावर साडेसात व्होल्ट क्षुल्लक वाटतात. परंतु उन्हाळ्यात संध्याकाळी घराच्या मीटरवरच दाब कमी असतो आणि एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना कित्येक पट प्रवाह ओढतो, तेव्हा हीच घट दिवे मंदावण्यातून दिसते. ३० मीटरसाठी ६ चौरस मिलिमीटर घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण चर पुन्हा खोदण्यापेक्षा जाड तांबे स्वस्त पडते. ॲल्युमिनिअमची केबल घ्यायची झाल्यास १० चौरस मिलिमीटरची घ्यावी आणि टोकांना योग्य लग (धातूची टोपणे) दाबून क्रिम्प करावेत. तार नुसती स्क्रूखाली दाबू नये.

*पाणी.* जमिनीखाली एचडीपीई (लवचिक प्लास्टिक) नळीचे अखंड वेटोळे वापरावे, म्हणजे चरात एकही सांधा राहत नाही. यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) तीस मीटर लाइनला निदान चार सांधे येतात, आणि गळती बहुधा सांध्यातच होते. पाणी छतावरच्या टाकीतून नुसत्या उताराने येणार असेल तर २५ ऐवजी ३२ मिलिमीटरची नळी घ्यावी. टाकी शॉवरपेक्षा ५ मीटर उंच असेल तर दाब अवघा अर्धा बार मिळतो, आणि अरुंद नळी त्यातलाही काही भाग खाते. परदेशी व्हिडिओंत पाण्याची नळी गोठणरेषेच्या खाली पुरायला सांगतात. आपल्याकडे गोठण नाही. इथे नळी खोल पुरायची ती कुदळीपासून, गाडीच्या चाकापासून आणि सत्तरी-सांगे या रानालगतच्या तालुक्यांकडे रानडुकरांपासून नळी वाचावी म्हणून.

*इंटरनेट.* इथे सर्वांत जास्त चुका होतात. घरातून खोलीपर्यंत तांब्याची कॅट-सिक्स केबल टाकली तर ३० मीटरला वेग कमी होत नाही, कारण तिची मर्यादा १०० मीटरची आहे. अडचण विजेची आहे. आसपास वीज पडली की घराजवळची जमीन आणि खोलीजवळची जमीन यांच्या विद्युतदाबात क्षणभर मोठा फरक पडतो, आणि तो फरक तांब्याच्या तारेतून वाट काढत दोन्हीकडची यंत्रे जाळतो. मे-जून आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटानंतर राउटर बदलावे लागतात ते बहुधा यामुळेच. म्हणून फायबर टाकावी. तीही निवडून घ्यावी, कारण खांबावरून घराघरांत येणाऱ्या ड्रॉप केबलमध्ये बहुधा पोलादी तार असते, आणि आपल्याला हवी धातूविरहित, म्हणजे एफआरपीच्या (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकच्या) काड्या असलेली केबल. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर (फायबरमधला प्रकाशसंदेश विद्युतसंदेशात बदलणारी डबी) लागतो. खोलीतल्या कॅमेऱ्याला किंवा वायफायच्या डबीला लागणारी वीज खोलीतूनच द्यावी.

> तपासणी: फायबर ४० मिलिमीटरच्या वेगळ्या एचडीपीई नळीतून न्यावी, त्या नळीत नायलॉनची एक जादा दोरी कायम ठेवावी, आणि विजेची केबल व फायबर एकाच नळीत कधीही घालू नये.

टप्पा ३: चर केव्हा आणि कसा खोदावा

नोव्हेंबर-डिसेंबर हा काळ सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात वर आलेले भूजल तोवर खाली गेलेले असते आणि जांभ्यात अजून ओल असते. जांभा उघडा पडून वाळत जातो तसा कठीण होतो, त्यामुळे जे काम डिसेंबरात पहार आणि कुदळीने होते त्यालाच एप्रिलमध्ये ब्रेकर आणावा लागतो.

वीजकेबल ७५ सेंटिमीटर खोल जायला हवी, म्हणून चर ८५ सेंटिमीटर खोल आणि ६० सेंटिमीटर रुंद घ्यावा. जेसीबी चालेल, मात्र झाडांच्या आणि जुन्या लाइनींच्या जवळचे काम हातानेच करून घ्यावे. वरची काळी माती एका बाजूला आणि खालची लाल माती व दगड दुसऱ्या बाजूला टाकायला सांगावे. सगळा ढीग एकत्र झाला की बुजवताना धारदार दगड थेट नळीवर येतात.

मध्येच सलग कातळ लागला आणि खोली मिळेनाशी झाली, तर तेवढ्या भागात वीजकेबल जाड जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपमधून न्यावी आणि वर किमान १० सेंटिमीटर काँक्रीट घालावे. केबल कातळावर नुसती टेकवून वर माती टाकणे हा पर्याय नव्हे.

टप्पा ४: चराचा नाला होऊ देऊ नये

हा टप्पा जवळजवळ कोणीच करत नाही. कठीण जांभ्यात खोदलेला आणि सैल वाळूने भरलेला चर पावसाळ्यात पाण्याचा भुयारी पाट बनतो. आजूबाजूच्या कातळात न जिरलेले पाणी त्यात उतरते आणि उताराच्या दिशेने, म्हणजे बहुतेक वेळा खोलीच्या पायाकडे किंवा घराच्या पायाकडे, वाहत जाते. नळीची तोंडे उघडी असतील तर ते नळीतूनही जाते. अशा खोलीतला स्विचबोर्ड ऑगस्टमध्ये उघडून पाहिला की झाकणाच्या आतल्या बाजूला थेंबांची रांग दिसते, तळाशी वाळूचा पातळ थर बसलेला असतो आणि पितळी टर्मिनलांवर हिरवट बुरशीसारखा गंज चढलेला असतो. दोष मग स्विचला दिला जातो.

१. चराच्या तळाचा उतार दोन्ही इमारतींपासून दूर, परसातल्या एका सखल जागेकडे काढावा. जमिनीचा उतारच इमारतीकडे असेल, तर पायापासून दोन-तीन मीटर आधी चराला एक आडवी फांदी खोदून ती खडीने भरावी आणि पाणी बाजूला काढावे.

२. घराच्या आणि खोलीच्या भिंतीपासून साधारण एक मीटर अलीकडे, चराच्या पूर्ण रुंदीत, चिकण मातीचा ३० सेंटिमीटर जाड बांध ठोकून बसवावा. नळ्या आणि केबल त्यातूनच जातील, पण तेवढ्या जागेत वाळू नको.

३. भिंतीतून आत जाणारी प्रत्येक नळी बाहेरून आत चढती असावी, कधीही उतरती असू नये.

> इशारा: नळीत दमट हवेचे पाणी जमणारच. नळी कोरडी राहील या भरवशावर घरात वापरायची केबल तिच्यात घालू नये; जमिनीखालच्या वापरासाठी बनवलेलीच केबल घ्यावी.

टप्पा ५: टाकण्याचा क्रम

चराच्या तळाचे टोकदार दगड काढून ७-८ सेंटिमीटर वाळू पसरावी. क्रशरची वाळू चालते. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू आणणे बेकायदा तर आहेच, शिवाय तिच्यातले मीठ केबलच्या कवचाला आणि पितळी ग्लँडला (केबल पेटीत शिरते तिथे ती घट्ट धरणाऱ्या भागाला) गंजवते.

प्रथम वीजकेबल एका बाजूला टाकावी. ती फरफटत ओढू नये. ड्रम आडव्या दांड्यावर फिरवत तीन-चार माणसांनी उचलून न्यावी. वळणाची त्रिज्या केबलच्या बाहेरील जाडीच्या बारा पटींहून कमी होऊ देऊ नये. दोन्ही टोकांना मीटर-दीड मीटर जादा लांबी ठेवावी. कापलेले टोक त्याच क्षणी हीट-श्रिंक टोपीने बंद करावे, कारण उघड्या टोकातून ओल तारांच्या कडेकडेने आत शिरते आणि मेगरवर (तारांचे आवरण किती सुरक्षित आहे ते मोजणाऱ्या मीटरवर) तिचा परिणाम दिसतो, पण कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

केबलवर पुन्हा ७-८ सेंटिमीटर वाळू टाकून सलग आच्छादन घालावे. सिमेंटच्या पातळ फरश्या उत्तम. घरावरून उतरवलेली मंगळुरी कौलेही चालतात. कौल कुदळीचा घाव अडवत नाही, पण कौलाचा तुकडा वर आला की खोदणारा हात थांबवतो, आणि आपल्याला तेवढेच हवे असते.

त्यानंतर चाळलेल्या मातीने चर साधारण ४५ सेंटिमीटर खोलीपर्यंत भरून घ्यावा आणि चराच्या दुसऱ्या बाजूला पाण्याची नळी व फायबरची नळी टाकावी. वीजकेबल आणि या दोन्हींत सर्व बाजूंनी किमान ३० सेंटिमीटर अंतर राहील हे मोजून पाहावे. पाण्याची नळी वर ठेवण्याचे कारण एवढेच, की दुरुस्ती तिचीच जास्त वेळा निघते आणि त्यासाठी वीजकेबलपर्यंत खोदावे लागू नये.

एचडीपीई नळी ताणून टाकू नये, नागमोडी टाकावी. दुपारच्या उन्हात तापलेली ३० मीटर नळी जमिनीत २० अंशांनी थंड झाली तर सुमारे १० सेंटिमीटर आखडते, आणि कॉम्प्रेशन सांध्यातून निसटायला तेवढे पुरते. नळी सकाळी टाकावी. सांध्यात घालण्यापूर्वी टोक काटकोनात कापून, कड घासून, किती आत जायला हवे याची खूण करावी. नळी रबरी रिंगच्या पलीकडे गेली की नाही हे त्या खुणेवरूनच कळते. दोन्ही टोकांना बॉल व्हॉल्व्ह बसवावा.

फायबरच्या नळीला एल्बो लावू नये, लांब वळणाचे बेंड लावावेत. फायबर शेवटी, चर बुजवल्यानंतर ओढली तरी हरकत नाही.

टप्पा ६: चर उघडा असतानाच्या तपासण्या

येथे घाई करणारा मुकादम भेटतोच. कामगार दुसऱ्या दिवशी येणार नाहीत, असे तो सांगेल. त्या दिवसाची मजुरी देऊन थांबवावे, पण तपासणीविना बुजवू देऊ नये.

- वीज: ५०० व्होल्टच्या मेगरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि प्रत्येक कोअर ते कवच अशी मोजणी करावी. १ मेगओहम ही किमान मर्यादा मानली जाते, परंतु नव्या केबलचे मोजमाप शेकड्यांत यायला हवे. दोन-चार मेगओहम आले तर समाधान न मानता कारण शोधावे. ही मोजणी तीनदा करायची असते: केबल ड्रमवर असताना, चरात टाकल्यावर आणि चर बुजवल्यावर. तिसरे मोजमाप घसरले तर दगडाने घाव घातला आहे, हे लगेच कळते.
- पाणी: नळीतली हवा पूर्ण काढून हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्यावा. घरात प्रेशर पंप ३ बारचा असेल तर साडेचार बार. एचडीपीई दाबाखाली थोडी फुगते, त्यामुळे काटा सुरुवातीला उतरतो आणि गळती आहे असे वाटते. पुन्हा दाब भरून अर्धा तास थांबावे, आणि त्यानंतरचे दोन तास काटा स्थिर राहतो का ते पाहावे.
- डेटा: नळीतून दोरी आरपार सरकते का, एवढेच पाहावे.
- नोंद: दर दोन-तीन मीटरवर मोजपट्टी धरून फोटो काढावेत, आणि घराच्या कोपऱ्यासारख्या न हलणाऱ्या दोन खुणांपासूनची अंतरे नकाशावर लिहावीत. तोडले जाणारे झाड किंवा बदलणारे कुंपण खूण म्हणून धरू नये.

टप्पा ७: चर बुजवणे

नळ्यांवर पहिले १५ सेंटिमीटर चाळलेली माती किंवा वाळू, मग १५-२० सेंटिमीटरचे थर हाताच्या धुम्मसाने दाबत वर यावे. जमिनीपासून ३० सेंटिमीटर खाली धोक्याची रंगीत पट्टी संपूर्ण लांबीत टाकावी. शेवटी काळी माती, आणि चर जमिनीपेक्षा चार बोटे उंच ठेवावा. घुशी बहुधा सैल मातीतून बीळ काढतात, म्हणून धुम्मस वाचवू नये.

टप्पा ८: दोन्ही टोके

वीजकेबल खोलीच्या डीबीत (वीजवाटपाच्या पेटीत) खालून घ्यावी, वरून नव्हे. बाहेरच्या बाजूला डबल कॉम्प्रेशनचा पितळी ग्लँड बसवून त्याच्या पकडीत कवचाच्या सर्व तारा याव्यात. कवच दोन्ही टोकांना अर्थला जोडावे. ते कापून मोकळे सोडणे ही अत्यंत सामान्य आणि अत्यंत धोकादायक चूक आहे, कारण कुदळीने केबल तुटली तर कवचातूनच दोषप्रवाह परत जाऊन वीज खंडित व्हायची असते.

घराच्या बाजूला या केबलसाठी स्वतंत्र एमसीबी (प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि खोलीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी द्यावा. घरात अर्थिंग चांगले आहे, मग आरसीसीबी कशाला, असे विचारले जाते. कोरड्या जांभ्यात अर्थ पिटचा रोध मे महिन्यात २० ओहमपर्यंत गेला असे धरा: २३० व्होल्टला त्यातून जेमतेम साडेअकरा अँपिअर प्रवाह वाहील, आणि गीझरचा १६ अँपिअरचा एमसीबी जागचा हलणारही नाही. गीझरच्या टाकीवर वीज आलेली असेल आणि काहीच ट्रिप होणार नाही. म्हणून अर्थिंगची मोजणी पावसाळ्यात नव्हे, एप्रिल-मेमध्ये करावी.

खोलीजवळ स्वतंत्र अर्थ पिट करून तो केबलच्या तिसऱ्या कोअरला, म्हणजे घराच्या अर्थला, जोडावा. न्यूट्रल आणि अर्थ मात्र खोलीत कोठेही एकत्र करू नयेत. तसे केल्यास घराच्या बाजूचा आरसीसीबी अकारण पडतो, आणि वैतागून तो बायपास करणारेही मी पाहिले आहेत. घरातही ३० मिलिअँपिअरचाच आरसीसीबी असेल तर खोलीतल्या दोषाने सगळे घर अंधारात जाते; या केबलच्या वाटेवर घराकडे १०० मिलिअँपिअरचा, उशिराने चालणारा एस प्रकारचा आरसीसीबी ठेवला की हे टळते. खोलीच्या डीबीत सर्ज प्रोटेक्टरही (दाबाच्या अचानक उसळीपासून वाचवणारे साधन) बसवावा. मेगर लावण्यापूर्वी मात्र तो सोडवून ठेवावा लागतो, हे ठेकेदाराला आठवण करून द्यावे.

सर्व नळ्यांची तोंडे, आत केबल असो वा नसो, डक्ट सीलंटने बंद करावीत. कापडाचा बोळा आणि वर सिमेंट ही पद्धत वाळवीला आमंत्रण देते, आणि नंतर केबल बदलायची झाली तर नळीच फोडावी लागते.

> तपासणी: आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून वीज जाते का ते पाहावे. एसी, फ्रीज आणि गीझर एकदम चालू करून खोलीतला दाब मोजावा. घराच्या मीटरजवळच्या दाबापेक्षा तो ४-५ व्होल्टहून अधिक खाली असेल तर कुठेतरी सैल जोड आहे.

टप्पा ९: पहिला पावसाळा

जूनमधल्या पहिल्या आठ-दहा दिवसांच्या पावसानंतर चर ठिकठिकाणी खचेल. पाणी साचू न देता तेथे माती भरावी आणि दाबावी. जुलैत एकदा मुख्य स्विच बंद करून खोलीचा डीबी उघडून पाहावा. आत ओल दिसली तर सीलंट पुन्हा भरावे आणि भिंतीजवळचा चिकण मातीचा बांध तपासावा. सगळे नळ बंद ठेवून रात्री खोलीकडचा बॉल व्हॉल्व्ह बंद करावा, घराकडचा उघडा ठेवावा, आणि प्रेशर पंप मधूनच आपोआप सुरू होतो का ते ऐकावे. होत असेल, तर घराकडचाही व्हॉल्व्ह बंद करून पाहावे: पंप शांत झाला तर गळती चरात आहे, आणि फोटो व अंतरे काढून नेमकी तेवढीच जागा खोदावी.